तुमचा ईबीव्ही कुठल्या वाणाचा?

मागच्या अंकात एपस्टाइन-बार विषाणूवर, म्हणजे ईबीव्हीवर, दोन पानं लिहिली होती. त्यात एक वाक्य जाता जाता टाकलं होतं: ‘दक्षिण चीनमध्ये या विषाणूचं एक वाण नाकामागच्या घशाच्या कॅन्सरशी जोडलं गेलं आहे.’ झालं! या महिन्याचं टपाल आणि ईमेल सगळं त्या एका वाक्यावर. बाकीची दोन पानं कुणी वाचली की नाही, देव जाणे. तेव्हा यावेळी हेच. मेडिकल कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवण्यात माझी नोकरी गेली, त्यामुळे मध्येच वर्गात असल्यासारखं बोलायला लागले तर सांभाळून घ्या.

प्रश्न : मुलगा एकोणीस वर्षांचा, पुण्यात इंजिनिअरिंगला, हॉस्टेलवर. मध्यंतरी जोरदार ताप आला, घसा इतका सुजला की थुंकी गिळवेना, मानेत गाठी आल्या. टॉन्सिल समजून अमॉक्सिसिलिन दिलं, तर अंगभर लाल पुरळ. मग रक्त तपासलं तेव्हा ‘ईबीव्ही व्हीसीए आयजीएम पॉझिटिव्ह’, म्हणजे ईबीव्हीची ताजी लागण, असा रिपोर्ट आला. आता बरा आहे, पण जेवण झालं की आडवा होतो. तुमचा लेख वाचून माझी जाऊ म्हणाली, ‘ते चिनी वाणाचं तर नाही ना?’ तशी तपासणी कुठे होते? खर्चाचं बघून घेऊ. – एक आई, कराड

ताई, आधी जाऊबाईंना चहा द्या आणि शांत बसवा.

मुलाला झाला तो ग्रंथिज्वर. डॉक्टर मंडळी ‘मोनो’ म्हणतात. आपल्याकडे बहुतेकांना हा विषाणू लहानपणीच गाठतो आणि तेव्हा साध्या सर्दी-तापापलीकडे काही जाणवत नाही. ज्यांची गाठ पडायला सोळा-सतरावं वर्ष उजाडतं, त्यांच्यापैकी बऱ्याच जणांना तो असा आडवा पाडतो. कारण गोंधळ मुख्यतः आपल्याच प्रतिकारशक्तीचा असतो. बी-पेशी आणि टी-पेशी या प्रतिकारशक्तीच्याच पांढऱ्या पेशी. विषाणू बी-पेशींत शिरतो, त्या पेशींना मारायला टी-पेशींची फौज उठते, आणि गाठी, ताप, थकवा हा सगळा त्या फौजेचा पसारा. थकवा काही आठवडे रेंगाळतो. आडवा होतोय तर होऊ द्या.

पुरळाचं सांगते. मोनो असताना अँपिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिन दिलं की असं पुरळ पुष्कळदा उठतं. म्हणून मुलाच्या फाइलवर ‘पेनिसिलिनची अॅलर्जी’ असं आपल्याच हाताने कायमचं लिहून टाकू नका. पुढे कधी गरज पडली तर डॉक्टरांना हा प्रसंग सांगा, ते ठरवतील. आणि एक महत्त्वाचं, जे रिपोर्टवर लिहिलेलं नसतं: या आजारात प्लीहा सुजते. जिम, कबड्डी, बुलेटवरून खडबडीत रस्त्याची रपेट, हे डॉक्टर ‘हो’ म्हणेपर्यंत बंद. पोटात डावीकडे वर एकदम दुखायला लागलं तर वाट न बघता दवाखाना.

आता वाणाचं. मालदांडी आणि हायब्रीड दोन्ही ज्वारीच, तसा ईबीव्ही एकच, पण त्याची वाणं निरनिराळी. त्याचा जनुकीय मजकूर सुमारे १ लाख ७२ हजार अक्षरांचा आहे. त्यात इथे-तिथे एखादं अक्षर बदललेलं, एखादा तुकडा गळलेला, असे फरक आफ्रिका, युरोप आणि पूर्व आशियातल्या विषाणूंत दिसतात. तुमच्या मुलाचा विषाणू वाचून काढणं तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे. पण वाचून करायचं काय? निरोगी माणसाच्या बाबतीत त्या उत्तरावरून एकही औषध बदलत नाही, एकही पथ्य बदलत नाही, आणि एकदा शिरलेला विषाणू शरीरातून काढता येत नाही. आपल्या मुलखात नाकामागच्या घशाच्या कॅन्सरचं प्रमाण वर्षाला लाखात एकाच्याही खाली आहे. तोंडाचा कॅन्सर मात्र आपल्याकडे पैशाला पासरी, आणि त्याचं कारण हॉस्टेलच्या गेटबाहेर टपरीवर पुडीत लटकलेलं असतं. काळजी करायचीच तर तिकडे बघा. तपासणीचे पैसे वाचवा आणि मुलाला घरी बोलावून चार दिवस नीट खाऊपिऊ घाला.

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. शंका अशी की, जगातल्या नव्वद टक्क्यांहून जास्त प्रौढांत असणारा विषाणू कॅन्सरचं कारण कसा ठरतो? जो सगळ्यांत आहे, त्याच्यावर आरोप कसा करायचा? आणि अमुक वाणच दोषी, हे तरी सिद्ध कसं केलं? – एक शिक्षक, लातूर

गुरुजी, असे प्रश्न विचारणारे विद्यार्थी मला वर्गात फार कमी मिळाले. जरा सविस्तर सांगते.

१९६१ साली लंडनच्या मिडलसेक्स हॉस्पिटलात डेनिस बर्किट नावाच्या सर्जनचं व्याख्यान झालं. ते युगांडात काम करत. पूर्व आफ्रिकेतल्या लहान मुलांच्या जबड्यात भराभर वाढणाऱ्या एका गाठीबद्दल ते बोलले, आणि ही गाठ नकाशावर ठरावीक पट्ट्यातच दिसते हेही त्यांनी दाखवलं. उष्ण, पावसाचा, डासांचा पट्टा. श्रोत्यांत अँथनी एपस्टाइन होते. त्यांच्या डोक्यात एकच आलं, यामागे विषाणू असणार. मग युगांडाहून विमानाने गाठींचे तुकडे यायला लागले, आणि दोन वर्षं काहीही सापडलं नाही. डिसेंबर १९६३मध्ये लंडनवर धुकं म्हणून नमुन्याचं विमान मँचेस्टरला उतरवावं लागलं. नमुना पोचेपर्यंत कुपीतलं पाणी गढूळ. कुणीही म्हणेल, जंतू वाढले, नासलं, फेका. एपस्टाइननी थेंबभर काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर तो गढूळपणा सुट्या होऊन तरंगणाऱ्या गाठीच्या पेशींचा होता. त्या पेशी वाढवल्या, इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली ठेवल्या, आणि फेब्रुवारी १९६४मध्ये विषाणू दिसला. मार्चमध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निबंध आला. त्यावर एपस्टाइन, बर्ट अचाँग आणि इव्हॉन बार अशी तीन नावं. अचाँग यांचं नाव विषाणूला लागलं नाही, त्याची मला कायम चुटपुट वाटते.

तुमचा प्रश्न तेव्हापासूनचा आहे. विषाणू सगळीकडे, पण रोग ठरावीक जागी. आफ्रिकेत बर्किटची गाठ, दक्षिण चीनमधल्या ग्वांगडाँग प्रांतात आणि हाँगकाँगकडे नाकामागच्या घशाचा कॅन्सर. तिकडच्या पुरुषांत तो वर्षाला लाखामागे वीसच्या पुढे गेलेला. एवढा फरक का? एक उत्तर आफ्रिकेत मिळालं, मलेरिया. सततच्या मलेरियाने बी-पेशी ढवळून निघतात आणि ईबीव्हीचं फावतं. ईबीव्हीचे ढोबळ दोन प्रकार आहेत, टाइप १ आणि टाइप २, आणि दुसरा आफ्रिकेत जास्त सापडतो. त्यामुळे ‘टाइप २ म्हणजे गाठ’ असं समीकरण मांडायचा मोह होतो. पण गाठींत दोन्ही प्रकार मिळतात.

चीनच्या बाबतीत तर याहून मजेशीर घोळ झाला. हा भाग मी वर्गात नेहमी रंगवून सांगायचे. १९९०च्या सुमारास चिनी रुग्णांच्या गाठींतून मिळालेल्या ईबीव्हीत एलएमपी-१ नावाच्या जनुकातली ३० अक्षरं गळलेली दिसली. एलएमपी-१ म्हणजे पेशीला ‘वाढ, वाढ’ असा धोशा लावणारं प्रथिन. अशा जनुकात खोट सापडली म्हटल्यावर सगळ्यांचे डोळे चमकले. हाच तो गुन्हेगार! मग कुणीतरी शहाणपणा करून त्याच भागातल्या निरोगी लोकांचे विषाणू तपासले. त्यांच्यातही तीच ३० अक्षरं गळलेली. म्हणजे ती कॅन्सरची खूण नव्हतीच, ती त्या मुलखाची खूण होती. दक्षिण चीनमधल्या रुग्णाची तुलना केंब्रिजच्या प्रयोगशाळेतल्या विषाणूशी केली, तर फरक दिसणारच की!

आणि प्रयोगशाळेतला विषाणू तरी कुठला? बी९५-८ या नावाचा. अमेरिकेतल्या मोनोच्या एका रुग्णाचा, मार्मोसेट माकडाच्या पेशींत वाढवलेला. १९८४ साली केंब्रिजमध्ये ईबीव्हीचा पूर्ण मजकूर पहिल्यांदा वाचला गेला तो याचाच, १,७२,२८२ अक्षरं. त्यातही सुमारे १२ हजार अक्षरांचा तुकडा मुळातच गायब होता, तो पुढे दुसऱ्या वाणावरून भरून काढला. वर्षानुवर्षं पाठ्यपुस्तकात ‘ईबीव्ही असा वागतो’ म्हणून जे आम्ही शिकवलं, त्यातलं पुष्कळसं या एका अमेरिकन वाणाचं वागणं होतं. २०१३ साली जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या गटाने हाँगकाँगमधल्या घशाच्या कॅन्सरच्या रुग्णातून आलेलं एम८१ हे वाण तपासलं. त्याची तऱ्हाच निराळी निघाली. बी९५-८ला बी-पेशी आवडतात. एम८१ मात्र घशाच्या अस्तराच्या पेशींत सहज शिरतं, आणि गप्प न बसता सारखं नवे विषाणू तयार करत राहतं.

मग २०१९ साली ‘नेचर जेनेटिक्स’मध्ये चीनमधला मोठा अभ्यास आला. २७० ईबीव्ही पूर्ण वाचले होते. गाठींतले होतेच, पण निरोगी लोकांचेही होते, आणि तेही चीनमधल्याच. त्यात बीएएलएफ-२ नावाच्या जनुकात दोन ठिकाणचे अक्षरबदल उठून दिसले. विषाणू आपल्या डीएनएची नक्कल करतो तेव्हा उलगडलेला धागा धरून ठेवणारं प्रथिन या जनुकातून बनतं. एक बदल रुग्णांकडे असण्याची शक्यता जवळपास साडेआठ पट जास्त, दुसऱ्याची सहा पट. वंशावळ मांडली तर हे बदल आशियात एकाच मुळातून निघाले आणि त्या पट्ट्यात फोफावले असं दिसलं. लेखकांनी हिशेब मांडला की दक्षिण चीनमधल्या या कॅन्सरच्या एकूण जोखमीतला ८३ टक्के वाटा या बदलांकडे जातो.

या ८३ने लोक घाबरतात, म्हणून फळ्यावर गणित मांडू. समजा, एका भागात एक लाख पुरुष आहेत. निम्म्यांकडे जोखमीचं वाण आहे. वर्षाला ३० जणांना कॅन्सर होतो. तीसच्या तीस जण जोखमीच्याच वाणाचे धरले, तरी पन्नास हजारांत तीस. उरलेले ४९,९७० तेच वाण अंगात घेऊन त्या वर्षी दुकान उघडतात, भांडतात, लग्नं लावतात. तेव्हा ८३ टक्के हा त्या भागातल्या रोगाचा वाटा आहे. एका माणसाला रोग होण्याची शक्यता ८३ टक्के, असा त्याचा अर्थ नाही. एवढं मुलांना समजलं तर वर्तमानपत्रातल्या आरोग्याच्या निम्म्या बातम्या ती आपोआप नीट वाचतील.

शिवाय वाण एकटं काही करत नाही. माणसाची एचएलए जनुकं, म्हणजे विषाणूचे तुकडे टी-पेशींना दाखवणारी यंत्रणा, काहींची जोखीम वाढवतात, काहींची कमी करतात. तिकडे तान्ह्या मुलांचं अंगावरचं दूध सोडवताना खारवलेली मासळी द्यायची चाल होती, आणि त्या पद्धतीची मासळी आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या पहिल्या गटात, म्हणजे नक्की कॅन्सरकारक मानलेल्या गोष्टींत, बसलेली आहे. (मालवणकरांनी लगेच पत्र लिहू नये. तो अभ्यास चिनी पद्धतीच्या, अर्धवट कुजवून खारवलेल्या मासळीचा आहे.) हाँगकाँगमध्ये १९८०नंतर हा कॅन्सर सतत कमी होत गेला. तिथलं खाणंपिणं, राहणीमान बदललं. लोक तेच होते आणि त्यांच्यातला ईबीव्हीही तिथलाच होता.

प्रश्न : मिस्टर सैन्यात आहेत, सध्या नागालँडला पोस्टिंग. तिकडे हा घशाचा कॅन्सर जास्त असतो असं ऐकलं. सगळे एकत्र खातात-पितात, त्यातून तिकडचं वाण त्यांना लागेल का? सुट्टीवर आल्यावर मुलांना त्यांच्या ताटात जेवू देऊ की नको? – सातारा जिल्ह्यातली एक वाचक

जेवू द्या हो! बापाच्या ताटात जेवायला मुलं महिनोन् महिने वाट बघत असतील.

ऐकलंत ते खरं आहे, भारतात या कॅन्सरचं प्रमाण सर्वांत जास्त नागालँडमध्ये आहे. तिथे झालेल्या पाहणीत धुरावर वाळवलेल्या मांसाचा संबंध दिसला होता. धुराने कोंदलेली घरं हाही तिकडच्या अभ्यासाचा विषय आहे. पण ही जोखीम जन्मापासूनची जनुकं, लहानपणापासूनचं खाणं आणि वर्षानुवर्षांचा धूर यातून साचत जाते. दोन-तीन वर्षांच्या पोस्टिंगने साताऱ्याच्या माणसाचा हिशेब बदलत नाही. यजमानांच्या अंगात ईबीव्ही बहुधा शाळेत जायच्या आधीपासून आहे. एका माणसात एकाहून जास्त वाणं सापडतात, त्यामुळे नवीन वाण कधी शिरणारच नाही असं मी म्हणत नाही. पण ग्वांगडाँगमधून अमेरिकेत गेलेल्या कुटुंबांत हा कॅन्सर पुढच्या पिढ्यांत कमी होत गेला आहे, एवढं लक्षात घ्या. जागेचा परिणाम पिढ्यांच्या मापाने होतो.

त्यांना एवढंच सांगा, आणि हे इतर वाचकांनाही लागू आहे. मानेत न दुखणारी गाठ, एकाच बाजूचं नाक सतत बंद, शेंबडात किंवा सकाळच्या थुंकीत रक्त, एकाच कानात दडे बसल्यासारखं होणं, यातलं काही तीन आठवड्यांहून जास्त टिकलं तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून दुर्बिणीने तपासून घ्यायचं. लष्कराच्या रुग्णालयात त्याची सोय असते.

प्रश्न : आम्ही नोकरीनिमित्त हाँगकाँगला असतो. इथे रक्तातून ईबीव्ही डीएनए तपासून घशाचा कॅन्सर लवकर ओळखतात म्हणे. माझं वय ४६. करून घेऊ का? – हाँगकाँगहून एक वाचक

तिथल्या चायनीज युनिव्हर्सिटीचा हा अभ्यास खरोखर सुंदर आहे. ४० ते ६२ वयाच्या २० हजारांहून जास्त पुरुषांच्या रक्तद्रवात ईबीव्हीचा डीएनए शोधला. ज्यांच्यात तो दोनदा सापडला त्यांनाच दुर्बीण आणि एमआरआय. ३४ जणांत कॅन्सर निघाला आणि त्यातले ७१ टक्के पहिल्या-दुसऱ्या टप्प्यातले. एरवी तिथे एवढ्या लवकर सापडणाऱ्यांचं प्रमाण २० टक्के होतं. २०१७ साली हे प्रसिद्ध झालं. गंमत अशी की यात वाण बघितलंच जात नाही, डीएनए आहे की नाही एवढंच बघतात. पण हा अभ्यास तिथल्या चिनी वंशाच्या पुरुषांवर झालेला. तुमचं बालपण नगर जिल्ह्यात गेलंय असं तुम्हीच लिहिलंय. जिथे मुळात रोग विरळ, तिथे चाचणीतून खोट्या घंटा जास्त वाजतात. वर सांगितलेल्या तक्रारी असतील तर थेट डॉक्टर गाठा. नसतील तर राहू द्या.

प्रश्न : बहिणीला मल्टिपल स्क्लेरोसिस (एमएस, मेंदू आणि मज्जारज्जूचा आजार) आहे. ईबीव्हीमुळे होतो असं वाचलं. त्याचंही वेगळं वाण असतं का? – नाशिक

२०२२ साली ‘सायन्स’मध्ये आलेल्या अभ्यासात अमेरिकन सैन्यातल्या एक कोटीहून जास्त तरुणांच्या नोंदी आणि साठवलेलं रक्त वापरलं होतं. ईबीव्हीची लागण झाल्यावर एमएसची जोखीम ३२ पटींनी वाढलेली दिसली. इतर विषाणूंच्या लागणीनंतर तशी वाढ दिसली नाही. नातं पक्कं आहे, पण अमुक एका वाणावर बोट ठेवता आलेलं नाही. एमएस थंड प्रदेशांत जास्त, ‘ड’ जीवनसत्त्व, एचएलए, धूम्रपान, बरंच काही त्यात गुंतलेलं आहे. बहिणीच्या उपचारांत वाणाच्या तपासणीने फरक पडत नाही. सिगारेट ओढत असतील तर ती सोडल्याने मात्र पडतो. आणि हा आजार तिच्याकडून तुम्हाला लागणार नाही, तुम्ही विचारलं नसलं तरी सांगून टाकते.

प्रश्न : नात दोन वर्षांची आहे. लस कधी येणार? आणि आली तर सगळ्या वाणांवर चालेल का? – आजोबा, डोंबिवली

आजोबा, विषाणूच्या अंगावरचं जीपी-३५० हे प्रथिन वापरून बेल्जियममध्ये लशीची चाचणी झाली होती. १८१ तरुण स्वयंसेवक होते. निकाल २००७ साली आले: मोनो ७८ टक्क्यांनी कमी झाला, पण लागण काही थांबली नाही. २०२२च्या आसपास अमेरिकेत नव्या लशींच्या पहिल्या टप्प्यातल्या चाचण्या सुरू झाल्या आहेत, त्यांतल्या एकीत कोविडच्या लशींसारखं एमआरएनए तंत्र आहे. सगळ्या वाणांवर चालायची तर लस अशा प्रथिनांवर बेतावी लागते जी वाणागणिक फार बदलत नाहीत. ईबीव्ही पेशीत शिरायला जी कुलपं उघडतो, ती उघडणारी प्रथिनं बऱ्यापैकी तशी आहेत, म्हणून आशा धरायला जागा आहे. बीएएलएफ-२ पेशीच्या आत काम करतं, त्यामुळे प्रतिपिंडांचा त्याला उपयोग नाही. आज बाजारात ईबीव्हीची कुठलीही लस नाही. कुणी नातीला देऊ केली तर त्याचं नाव-पत्ता मला कळवा.